खेळायचं थांबल्यावर टीम बांधणारा माणूस: जेरी वेस्ट आणि एनबीएचा हिशोब

फेब्रुवारी 2025मध्ये एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, डॅलसच्या टीमने आपला स्टार लुका डॉन्चिचला लॉस अँजेलिसच्या लेकर्सकडे देऊन टाकलं तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर एकच विषय होता. अरे पण असं कसं? पोरगा 25 वर्षांचा, आठ महिन्यांपूर्वीच टीमला फायनलपर्यंत घेऊन गेलेला, त्याला कोणी देतं का, आणि द्यायच्या आधी त्याला साधं विचारत पण नाहीत? आपल्यासारख्या क्रिकेट बघून मोठं झालेल्या माणसांना हे पटकन पचतच नाही, कारण रणजी काय किंवा टीम इंडिया काय, खेळाडूची अदलाबदल हा प्रकारच नसतो, आणि आयपीएलमध्ये असतो तोही आत्ता आत्ता अंगवळणी पडतोय.

हा निर्णय कोच घेत नाही. मालक पैसे देतो आणि शेवटी होकार देतो, पण सौदा ठरवणारा माणूस वेगळाच असतो, त्याला जनरल मॅनेजर म्हणतात. कुठे त्याला प्रेसिडेंट म्हणतात, पण काम साधारण तेच. हे काम समजून घ्यायचं तर माझ्या मते एकाच माणसाचं आयुष्य बघावं, जेरी वेस्टचं. 14 वर्षं खेळला आणि त्यानंतर जवळपास 40 वर्षं टीम बांधत राहिला. एनबीएच्या लोगोवर चेंडू घेऊन निघालेली जी पांढरी आकृती दिसते ना, ती त्याच्याच फोटोवरून काढलेली आहे.

जनरल मॅनेजर नेमकं करतो काय

आपल्या भाषेत सांगायचं तर निवड समिती, लिलावाच्या टेबलावर पॅडल घेऊन बसलेली माणसं आणि पगाराचं रजिस्टर सांभाळणारा, हे तिघंही एकाच खुर्चीत. आपल्याकडे जवळचं उदाहरण झहीर खानचं. आपल्या श्रीरामपूरचा झहीर 2018च्या शेवटी मुंबई इंडियन्सचा डायरेक्टर ऑफ क्रिकेट ऑपरेशन्स झाला. पद अगदी तेच नाही, पण खेळलेला माणूस पडद्यामागे जाऊन टीमचं बघतो ही कल्पना तीच.

एनबीएमध्ये खेळाडू तीन रस्त्यांनी येतात. पहिला ड्राफ्ट, म्हणजे दरवर्षी नवीन पोरांची निवड, त्यात टीम्स नंबराने एकेक पोरगा उचलतात आणि आधी उचलायची संधी साधारणपणे हरलेल्या टीम्सना मिळते. दुसरा ट्रेड, म्हणजे आपला खेळाडू द्यायचा आणि त्यांचा घ्यायचा, आणि यात अजून जन्माला न आलेली गोष्टही देता येते, म्हणजे पाच वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला आपला नंबर. तिसरा फ्री एजंट, म्हणजे ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय असा खेळाडू, तो स्वतः ठरवतो कुठे जायचं ते.

आणि या सगळ्यावर झाकण ठेवल्यासारखी असते सॅलरी कॅप. आयपीएलच्या पर्ससारखीच समजा, 2025च्या मेगा लिलावात प्रत्येक टीमला 120 कोटी होते आणि लखनौने त्यातले 27 कोटी एकट्या ऋषभ पंतवर टाकले, म्हणजे उरलेल्यांना तेवढं कमी. तोच हिशोब इथे. 1984-85च्या सीझनमध्ये ही कॅप टीममागे 36 लाख डॉलर होती, 2025-26ला ती 15 कोटी 46 लाख डॉलरच्या आसपास आहे. फरक एवढाच की आयपीएलची पर्स संपली की संपली, एनबीएमध्ये आपल्याच जुन्या खेळाडूला ठेवायला कॅप ओलांडता येते, फारच पुढे गेलं तर मग दंडासारखा टॅक्स भरावा लागतो. पण बाहेरचा मोठा फ्री एजंट आणायचा तर पर्समध्ये जागा रिकामी लागतेच. ही "जागा रिकामी करणं" ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

खेळाडू म्हणून काय मिळालं होतं त्याला

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका लहान गावातला पोरगा, 1938चा जन्म. मोठा भाऊ कोरियाच्या युद्धात मारला गेला तेव्हा जेरी 13 वर्षांचा होता. 1960ला रोम ऑलिम्पिकमध्ये सोनं जिंकलं, त्याच वर्षी लेकर्समध्ये आला आणि खेळला ते सगळे 14 सीझन ऑलस्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत. मॅचमागे 27 पॉइंट्स. पण फायनल किती खेळला, तर 9. जिंकला किती, तर 1972ची एकच. आठ वेळा दारापर्यंत जाऊन परत. 1969ला तर फायनल हरलेल्या टीममधून त्याला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दिला, आजपर्यंत असं दुसऱ्या कोणाच्या बाबतीत झालेलं नाहीये.

मला वाटतं पुढचं सगळं समजायला हे आठ पराभव महत्त्वाचे आहेत. एखादा माणूस वर्षानुवर्षं एकाच टीमकडून मार खातो (सहा फायनल बॉस्टनकडून हरलेत), तेव्हा समोरच्याकडे काय आहे आणि आपल्याकडे काय नाही हे त्याच्याइतकं जवळून कोण बघणार? बॉस्टनकडे बिल रसेल होता, मधल्या जागी उभा राहणारा उंच माणूस (त्याला सेंटर म्हणतात), आणि वेस्टच्या टीमला बराच काळ तसा माणूस नव्हता.

खेळणं संपल्यावर 1976 ते 79 कोचिंग केलं, तिन्ही वर्षं टीम प्लेऑफला गेली, पण त्या कामात तो रमला नाही. मग तीन वर्षं स्काउट, म्हणजे गावोगावच्या कॉलेजांत जाऊन पोरं बघत हिंडणारा माणूस. एवढा मोठा खेळाडू, पण तीन वर्षं हे केलं, आणि 1982ला जनरल मॅनेजर झाला. त्याच्या हाताखाली लेकर्स 1985, 87 आणि 88ला जिंकले. मॅजिक जॉन्सनसारखा मोठा खेळाडू आधीच टीममध्ये होता हे खरं, पण त्याच्या बाजूची माणसं शोधत राहणं हे वेस्टचं काम. 1983मध्ये त्याने लोकांचा लाडका नॉर्म निक्सन देऊन बायरन स्कॉट नावाचा नवखा पोरगा आणला. पुढे तोच बायरन तीन वेळा चॅम्पियन झाला.

1996चा उन्हाळा, जरा सावकाश बघू

हा या कामाचा सगळ्यात चांगला धडा आहे म्हणून इथे थांबतो.

लेकर्स तेव्हा बरी टीम होती, चॅम्पियन होण्यासारखी नव्हती. मधल्या जागी व्लादे दिवात्स, सर्बियाचा, चांगला खेळाडू, लोकांचा आवडता, आणि त्याला 1989मध्ये 26व्या नंबरवर निवडणाराही वेस्टच. त्याच वेळी ऑर्लँडोच्या शकील ओनीलचं, म्हणजे शॅकचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. 24 वर्षांचा, सात फुटांच्या वर, त्या काळातला सगळ्यात दांडगा माणूस. त्याला आणायचं तर पर्समध्ये जागा हवी. त्या वर्षीची कॅप साधारण 2 कोटी 43 लाख डॉलर, आणि दिवात्सचा पगार त्यात बसलेला.

आता दुसरीकडे. पेनसिल्व्हेनियातल्या शाळेतून थेट एनबीएत यायला निघालेला 17 वर्षांचा एक पोरगा होता, कोबी ब्रायंट, कॉलेजचा एक दिवस न बघितलेला. लेकर्सने त्याला बोलावून मायकल कूपरसमोर उभं केलं. कूपर म्हणजे निवृत्त झालेला, चाळिशीचा, पण आपल्या काळातला नावाजलेला बचाव करणारा. थोडा वेळ बघून वेस्टने ते मध्येच थांबवलं, त्याला जे बघायचं ते बघून झालं होतं.

पण लेकर्सचा ड्राफ्टमधला नंबर 24वा. कोबी तोपर्यंत राहणारच नाही. मग वेस्टने शार्लटशी बोलणं केलं, त्यांचा नंबर 13वा होता. तुम्ही कोबीला निवडा आणि आम्हाला द्या, बदल्यात दिवात्स घ्या. आता यातली गंमत बघा, कोबीने अजून कुठलंही कॉन्ट्रॅक्ट सही केलेलं नव्हतं आणि नव्या पोरांचा पगार 1995पासून नंबराप्रमाणे ठरलेला असतो, म्हणजे कमी. त्यामुळे एका सौद्यात दोन कामं झाली, कोबी आला आणि दिवात्सचा पगार निघून पर्स मोकळी झाली. दिवात्स इतका दुखावला की मी जाणार नाही, खेळणंच सोडतो म्हणाला, मग बऱ्याच मनधरणीनंतर तयार झाला. ते काही दिवस सगळंच लटकलेलं होतं. त्यानंतरही जागा कमी पडली म्हणून अजून दोन खेळाडू व्हँकुव्हरला देऊन टाकले, आणि जुलैमध्ये शॅकने सात वर्षांच्या सुमारे 12 कोटी डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली. आणि तो स्वतःचा 24वा नंबर होता ना, त्यावर डेरेक फिशर घेतला, जो पुढे पाच वेळा चॅम्पियन झाला. तिन्ही माणसं एकाच उन्हाळ्यात.

सही झाली त्या दिवशी काय दिसत होतं विचार करा. चांगला चालणारा, अनुभवी सेंटर दिला आणि त्याच्या जागी हायस्कूलचं पोर. पहिल्या सीझनला कोबीने मॅचमागे साडेसात पॉइंट्स केले, बराचसा वेळ बाकावरच. चॅम्पियनशिप आली 2000ला, चार सीझन गेल्यावर.

अढीत कुठली कैरी घालायची

आमच्याकडे आंब्याची अढी लावायची तेव्हा आजी एकेक कैरी हातात घेऊन बघायची. देठाजवळचा खड्डा, खांदा भरलाय का, वजन किती. बाहेरून सगळ्या हिरव्याच दिसायच्या, पण काहीतरी बघून ती एखादी बाजूला काढायची, ही लोणच्याला. पिकलेला आंबा कोणीही ओळखतं, रंग दिसतो, वास येतो, पण तो महाग मिळतो. स्वस्तात मिळते ती कैरी, आणि ती पिकेल की नुसतीच सुरकुतेल हे आज सांगायचं असतं.

ड्राफ्ट म्हणजे हेच. सगळ्या टीम्सचे स्काउट तीच पोरं बघतात, तेच आकडे सगळ्यांकडे असतात. 1996मध्ये कोबीच्या आधी 12 पोरं निवडली गेली, म्हणजे निवडणाऱ्यांना दिसत नव्हतं असं नाही, त्यांना आज तयार असलेला माणूस हवा होता. वेस्टने 21 वर्षांच्या कोबीला बघून 17 वर्षांच्या कोबीला घेतलं.

"लॉस अँजेलिसला कोण नाही जाणार?"

ही शंका रास्त आहे. समुद्र, हॉलिवूड, पैसा, शॅकला तिकडे जायचंच असेल तर वेस्टचं त्यात कौतुक काय?

तर 2000ला लेकर्स सोडल्यावर 2002मध्ये तो मेम्फिसला गेला. ही टीम वर्षभरापूर्वीच व्हँकुव्हरहून उठून आलेली आणि प्लेऑफ कधी बघितलेलीच नाही. तिथे कोणी स्टार स्वतःहून येणार नाही. वेस्टने काय केलं तर ह्युबी ब्राउनला कोच म्हणून आणलं, वय 69, कित्येक वर्षं टीव्हीवर कॉमेंट्री करत होते. लोकांना कळेना काय चाललंय. पहिल्या सीझनला 28 विजय, दुसऱ्या सीझनला 50. ब्राउन सर्वोत्तम कोच ठरले आणि वेस्टला सर्वोत्तम एक्झिक्युटिव्हचा पुरस्कार मिळाला, 1995 नंतर दुसऱ्यांदा.

पण सगळं गोड सांगणं बरोबर नाही. मेम्फिस तीन वर्षं सलग प्लेऑफला गेली आणि तिन्ही वेळा एकही मॅच न जिंकता बाहेर पडली, बारापैकी शून्य. आणि 2007मध्ये त्याने मेम्फिस सोडलं ते 22 विजयांच्या सीझननंतर.

मेम्फिसची एक आठवण तर मनाला लागते. 1997मध्ये, वेस्ट यायच्या कितीतरी आधी, व्हँकुव्हरने ओटिस थॉर्प नावाच्या उतारवयातल्या खेळाडूसाठी आपला पुढचा एक ड्राफ्ट नंबर डेट्रॉइटला देऊन ठेवला होता. अट अशी की 2003मध्ये तो नंबर पहिला आला तरच तुमच्याकडे राहील, नाहीतर डेट्रॉइटचा. (अशा अटीला प्रोटेक्शन म्हणतात, आपल्या गहाणखतातल्या अटीसारखं.) 2003ची लॉटरी, म्हणजे पहिले नंबर कोणाला ते ठरवणारी सोडत, टीव्हीवर चालू. शेवटी दोनच टीम्स उरल्या, क्लीव्हलँड आणि मेम्फिस. पहिला नंबर म्हणजे लेब्रॉन जेम्स. पाकीट उघडलं, मेम्फिसचा नंबर दुसरा. म्हणजे लेब्रॉन तर गेलाच, दुसरा नंबरही डेट्रॉइटला गेला. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी केलेली सही, आणि फेडायला स्टेजवर बसलेला वेस्ट.

आणि तो दुसरा नंबर ज्याच्या हातात पडला तो डेट्रॉइटचा जो डुमार्सही माजी खेळाडूच, दोनदा चॅम्पियन. त्याने त्यावर डार्को मिलिचिच घेतला, आणि मागे राहिले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. डार्को चाललाच नाही. तरी त्याच डुमार्सने जमवलेली टीम 2004ला चॅम्पियन झाली, तीही कोणी महास्टार नसताना आणि शॅक-कोबीच्या लेकर्सना हरवून. एकाच माणसाची एवढी मोठी चूक आणि एवढं मोठं काम, बारा महिन्यांच्या आत.

"मोठा खेळाडू होता म्हणून जमलं"

असं असतं तर मायकल जॉर्डनला सगळ्यात जास्त जमलं असतं. 2001मध्ये वॉशिंग्टनचा कारभार बघताना त्याने पहिल्या नंबरवर क्वामी ब्राउन घेतला, शाळेतून आलेलं पोरगं, आणि ते फसलं. आयझिया थॉमस, केवढा खेळाडू, न्यूयॉर्कची टीम चालवताना त्याचा काळ वाईट गेला. मॅजिक जॉन्सन लेकर्सचा प्रेसिडेंट झाला आणि 2019ला अचानक पत्रकारांसमोर राजीनामा देऊन मोकळा झाला.

आणि दिवात्स! हो, तोच. तो पुढे सॅक्रामेंटो किंग्सचा जनरल मॅनेजर झाला. ही टीम आपल्याला जवळची, तिचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि ऑक्टोबर 2019मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या दोन मॅचेस झाल्या त्या किंग्स आणि इंडियाना पेसर्सच्याच. तेव्हा टीम दिवात्सने बांधलेली होती. त्याच्या आदल्या वर्षी, 2018च्या ड्राफ्टमध्ये, त्याच्याकडे दुसरा नंबर होता आणि समोर लुका डॉन्चिच. दिवात्सने मार्विन बॅगलीला घेतलं. ज्या माणसाला देऊन कोबी घेतला गेला, त्याच माणसाच्या हातून लुका सुटला. मला हे आठवलं की वाईटच वाटतं, कारण दिवात्स खेळाडू म्हणून फार गुणी होता आणि युरोपातून आलेल्या पोराला त्याच्याइतकं कोणी ओळखायला हवं होतं?

म्हणजे खेळलेलं असणं उपयोगी पडतं, पण खेळाडूला स्वतःच्या अंगात काय होतं ते माहीत असतं, दुसऱ्याच्या अंगात काय आहे ते बघायला ती तीन वर्षांची पायपीट लागते, कॉलेजांच्या जिममध्ये बसून.

"पण ही माणसांची देवाणघेवाण नाही का?"

ही शंका मला सगळ्यात खरी वाटते. रात्री फोन येतो आणि सकाळी दुसऱ्या शहरात, बायकापोरांची शाळा-घर सगळं मागे. दिवात्सचा राग बरोबरच होता.

एक काळ तर असा होता की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी खेळाडू टीमच्याच ताब्यात राहायचा. वेस्ट स्वतः त्या काळात खेळला. हे बदललं खेळाडूंनीच. 1970मध्ये ऑस्कर रॉबर्टसन, रोमला वेस्टबरोबर सोनं जिंकलेला, खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष म्हणून कोर्टात गेला, आणि 1976ला तडजोड झाली, तिथून फ्री एजंटचा रस्ता उघडला. शॅक ऑर्लँडो सोडू शकला तो त्यामुळेच. आज लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या कमाईतला साधारण निम्मा वाटा करारानेच खेळाडूंचा असतो. तरी ट्रेड हा प्रकार आहेच, आणि काही मोजक्या खेळाडूंच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच नकार द्यायचा हक्क लिहिलेला असतो. लुकाच्या नव्हता.

"आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, डोळ्यांनी बघणारा म्हातारा कशाला?"

2011मध्ये 73 वर्षांचा वेस्ट गोल्डन स्टेटला सल्लागार म्हणून गेला. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूची टीम, आकडेवारीत सगळ्यांच्या पुढे असणारी. 2014ला क्ले थॉम्पसन देऊन केव्हिन लव्ह आणायचं घाटत होतं. लव्हचे आकडे तेव्हा जास्त भारी. वेस्टने जोरदार विरोध केला, क्ले समोरच्याचा सगळ्यात धोकादायक खेळाडू अडवतो, तो टीमचा स्टार स्टेफ करीच्या शेजारी हवा. ट्रेड झाला नाही आणि 2015ला ते चॅम्पियन झाले.

2016ला पुन्हा पर्सची गोष्ट. टीव्हीचा नवा मोठा करार झाल्याने कॅप एका वर्षात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर उडाली, म्हणजे आधीच भरलेल्या टीमला अचानक एका मोठ्या माणसाची जागा मिळाली. केव्हिन ड्युरंट फ्री एजंट होता. वेस्टने त्याला फोन केला आणि स्वतःच्या हरलेल्या फायनल्सबद्दल बोलला. असं सांगू शकणारा दुसरा माणूस कुठल्या टीमकडे होता? ड्युरंट आला, 2017ला परत चॅम्पियन.

आणि जी टीम तो स्वतः बांधायचा तिच्या मॅचेस त्याला बघवायच्या नाहीत. ताण इतका व्हायचा की मॅच चालू असताना स्टेडियममधून निघून गाडी घेऊन नुसता रस्त्यांवर फिरत राहायचा. डिप्रेशनशी आयुष्यभर झगडला, आणि हे त्याने स्वतःच लपवलं नाही.

शेवटचा हिशोब

2017पासून तो लॉस अँजेलिसच्याच दुसऱ्या टीमचा, क्लिपर्सचा सल्लागार होता. 2018च्या ड्राफ्टमध्ये टीमने एक बारीक, शांत पोरगा मिळवला, शे गिल्जस-अलेक्झांडर, नंबर 11. परत एक कैरी. पण वर्षभरातच कवाय लेनर्ड यायला तयार झाला, सोबत पॉल जॉर्ज हवा म्हणाला, आणि ओक्लाहोमाने जॉर्जच्या बदल्यात शे मागितला, वर पहिल्या फेरीचे पाच नंबर. पिकलेले दोन आंबे हातात येत होते, क्लिपर्सने दिलं. तेव्हा कोणीही दिलं असतं, आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या पाचातल्याच एका नंबरवर ओक्लाहोमाने 2022ला जेलन विल्यम्स घेतला. वेस्ट 12 जून 2024ला गेला, 86 वर्षांचा होऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव तिसऱ्यांदा लागलं, आधी खेळाडू म्हणून, मग रोमच्या टीमबरोबर, आणि आता टीम बांधणारा म्हणून. क्लिपर्स अजूनही एकदाही फायनल खेळलेले नाहीत. आणि 22 जून 2025ला ओक्लाहोमा चॅम्पियन झाली तेव्हा ट्रॉफी उचलणारा त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू शे होता, आणि शेजारी जेलन विल्यम्स.